वैचारिक लेख : द्विलैंगिक माणसं आपल्याला दिसत का नाहीत?



वैचारिक लेखाचे विषय म्हटले की आपल्याकडे एक ठरलेली यादी असते. मोबाइल शाप की वरदान, वाचनसंस्कृती, प्रदूषण, स्त्रीभ्रूणहत्या. आजचा विषय त्या यादीत नाही, म्हणूनच मुद्दाम घेतला आहे. अकरावी-बारावीच्या आणि डी.एल.एड., बी.एड.च्या विद्यार्थ्यांना लेखाची मांडणी बघायला याचा उपयोग होईलच, पण खरं सांगायचं तर मी तो शिक्षकांनी वाचावा म्हणून लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. द्विलैंगिक माणसं आपल्या आजूबाजूला आहेत, आपल्या वर्गातही आहेत. ती दिसत नाहीत, कारण ती दिसू नयेत अशी सगळी सोय आपण करून ठेवली आहे. थोडी भाषेत, थोडी लग्नात, आणि थोडी ज्यांनी त्यांना जवळ करायला हवं होतं त्या समलिंगी माणसांच्या चळवळीतसुद्धा. ही माणसं दिसायला हवीत, त्यांना एकमेकांची सोबत मिळायला हवी आणि त्यात शाळा-कॉलेजांचा वाटा असायला हवा.

मराठीची शिक्षिका असल्यामुळे सुरुवात शब्दापासून करते. विज्ञानाच्या पुस्तकात जास्वंदीचं फूल 'द्विलिंगी' असतं, कारण पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच फुलात असतात. गांडूळ 'उभयलिंगी' असतं, कारण नर आणि मादी अशी दोन्ही इंद्रियं एकाच शरीरात असतात. आता इंग्रजीतला 'बायसेक्शुअल' हा शब्द बातमीत आला की भाषांतर करणारा यातला जो शब्द हाताशी येईल तो उचलतो. कधी 'उभयलिंगी', कधी 'द्विलिंगी'. सातवी-आठवीत गांडुळाची आकृती काढून नावं दिलेल्या मुलाने ती बातमी वाचली तर त्याला काय वाटेल? की या माणसाच्या शरीरातच काहीतरी वेगळं आहे. मग तो त्याची गल्लत तृतीयपंथीयांशी करतो, किंवा जन्मतः शरीररचना वेगळी असलेल्या माणसांशी करतो. मुलाचा दोष नाही. आपण त्याला एकच शब्द दोन कामांना दिला.

'लिंग' हा शब्द मराठीत आधीच दमलेला आहे. तो शरीराला लागतो, व्याकरणाला लागतो, देवळात लागतो. आकर्षणाबद्दल बोलायचं असेल तर 'लैंगिकता' हा शब्द आहे, आणि त्यावरून 'द्विलैंगिक' हा नीट बसतो. काही कार्यकर्ते आणि लेखक अजूनही 'उभयलिंगी' वापरतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण वर्गात शिकवताना मी 'द्विलैंगिक'च म्हणते. अर्थ असा : ज्या व्यक्तीला एकाहून अधिक लिंगाच्या व्यक्तींबद्दल प्रेम किंवा शारीरिक ओढ वाटू शकते, ती द्विलैंगिक. दोन्हीकडे ओढ सारखीच असली पाहिजे असं नाही. एकाच वेळी असली पाहिजे असंही नाही. तीस वर्षं एकाच माणसाशी निष्ठेने संसार केलेली व्यक्तीही द्विलैंगिक असू शकते.

आणि मुलं काय म्हणतात? मुलं म्हणतात 'बाय'. सोपा, सुटसुटीत शब्द. फक्त कोकणातल्या आजीसमोर तो जपून वापरावा लागेल. तिकडे 'बाय' म्हणजे लाडाची लेक. नात म्हणाली, "आजी, मी बाय आहे," तर आजी म्हणेल, "होय गो, माझी बायच ती!" आणि सांगायला आणलेलं सगळं धैर्य तिथेच संपेल. हसू येतं, पण खरं आहे. सांगायला शब्द आणि ऐकणाऱ्याला तो कळणं, या दोन्ही गोष्टी लागतात.

आता एक उदाहरण घेऊ, आपल्या सातारा जिल्ह्यातलं. 5 सप्टेंबरला आपण शिक्षक दिन साजरा करतो. त्याच तारखेला, 1946 साली, झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात फारुख बलसारा नावाचा मुलगा जन्मला. आठ-नऊ वर्षांचा असताना आईवडिलांनी त्याला बोटीने इतक्या दूर, पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत पाठवलं. तिथे मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले. तिथेच तो पियानो शिकला आणि शाळेतल्या मित्रांसोबत 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. पुढे कुटुंब इंग्लंडला गेलं, 1970 मध्ये 'क्वीन' हा बँड उभा राहिला आणि पाचगणीचा हा विद्यार्थी फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर माहीत झाला.

त्याच्या आयुष्यात मेरी ऑस्टिन नावाची स्त्री होती. दोघं काही वर्षं एकत्र राहिले, लग्नाचंही बोलणं झालं होतं. ते नातं प्रियकर-प्रेयसीचं उरलं नाही तेव्हाही ती त्याची सगळ्यात जवळची माणूस राहिली, आणि मरताना त्याने लंडनमधलं आपलं घर तिला ठेवलं. त्याच्या आयुष्यात पुरुषही होते. शेवटची वर्षं तो जिम हटन या जोडीदारासोबत राहिला. 23 नोव्हेंबर 1991 ला त्याने आपल्याला एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला.

आता बघा, या माणसाबद्दल लोक काय बोलतात. काहींच्या लेखी तो 'गे' होता आणि मेरी हा फक्त पडदा होता. काहींच्या लेखी मेरीच खरं प्रेम आणि बाकी सगळा नाद. 2018 साली त्याच्यावर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा सिनेमा आला, त्यात एक प्रसंग आहे. आपण द्विलैंगिक असू असं तो मेरीला सांगू पाहतो, आणि ती त्याला सांगते की नाही, तू गे आहेस. प्रसंग हळवा आहे, अभिनय चांगला आहे, प्रेक्षकही मेरीच्याच बाजूने होतात. पण एक माणूस स्वतःबद्दल काहीतरी सांगतो आणि समोरचा ते दुरुस्त करून देतो, हे आपल्या लक्षातही येत नाही. आपण शिक्षक मुलांच्या वह्या दुरुस्त करतो. माणूस स्वतःला काय म्हणतो हे दुरुस्त करायचं लाल पेन मात्र कोणाकडे नसावं.

फ्रेडीच्या मनात नेमकं काय होतं हे मी सांगू शकत नाही, आणि त्याच्यावर शिक्का मारायची मला घाईही नाही. पण त्याने आयुष्यात स्त्रीवरही जीव लावला आणि पुरुषांवरही, एवढं तर समोर दिसतंय. तरी आपल्याला त्याला कुठल्यातरी एका खणात ठेवल्याशिवाय चैन पडत नाही.

द्विलैंगिक माणूस न दिसण्याचं गणित असंच आहे. आपण माणसाची ओळख त्याच्या आजच्या जोडीदारावरून ठरवतो. बाई नवऱ्याचा हात धरून चालली की ती 'नॉर्मल'. तीच बाई मैत्रिणीचा हात धरून चालली की 'लेस्बियन'. दोन्ही वेळा ती द्विलैंगिकच असते, पण रस्त्यावर चालताना ते दिसायची काही सोयच नाही. समलिंगी जोडपं निदान जोडपं म्हणून दिसतं. द्विलैंगिक माणसाला स्वतः तोंडाने सांगितल्याशिवाय दिसताच येत नाही. आणि सांगितलं तर? "तळ्यात की मळ्यात, एकदा काय ते ठरव."

हे 'एकदा ठरव' दोन्ही बाजूंनी ऐकावं लागतं, आणि दुसरी बाजू जास्त लागते. समलिंगी मित्रमंडळीत द्विलैंगिक मुलीला कधीकधी सांगतात की तू शेवटी एखादा मुलगा बघून लग्न करणार, तुझा काय भरवसा. द्विलैंगिक मुलाला सांगतात की तू खरा गेच आहेस, हिंमत नाही एवढंच. ज्या घरात आसरा मिळेल म्हणून गेलो तिथेही उंबऱ्यावरच उभं केलं, असं होतं ते.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2019 मध्ये काही आकडे मांडले होते. आपल्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसांपैकी सगळ्यांना किंवा बहुतेकांना आपली लैंगिकता माहीत आहे, असं सांगणाऱ्या समलिंगी स्त्री-पुरुषांचं प्रमाण होतं 75 टक्के. द्विलैंगिकांमध्ये तेच प्रमाण 19 टक्के. जवळच्या एकाही माणसाला माहीत नाही असं सांगणारे समलिंगी 4 टक्के, द्विलैंगिक 26 टक्के. आणि तिथल्याच गॅलपच्या पाहण्यांत स्वतःला या समुदायातले म्हणवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक द्विलैंगिक निघतात. म्हणजे संख्येने जास्त आणि बोलणारे कमी. आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे इकडे लावू नयेत. पण ज्या देशात इतकी वर्षं मोर्चे निघतायत, तिथे ही गत. मग परभणीत किंवा चिपळूणमध्ये काय असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

कोणी म्हणेल, हे सगळं आजकालचं फॅड आहे. तर अल्फ्रेड किन्सी हे नाव लक्षात ठेवा. हा प्राणिशास्त्राचा प्राध्यापक, आधी गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या बारीक कीटकांचा अभ्यास करायचा. पुढे त्याने हजारो माणसांच्या मुलाखती घेतल्या आणि 1948 मध्ये पुरुषांवर, 1953 मध्ये स्त्रियांवर ग्रंथ काढला. त्याने 0 ते 6 अशी एक पट्टी मांडली. एका टोकाला फक्त भिन्नलिंगी आकर्षण, दुसऱ्या टोकाला फक्त समलिंगी, आणि मधे बरीच माणसं. त्याच्या पद्धतीवर टीका झाली, ती काही अंशी रास्तही होती. पण मधली जागा रिकामी नाही, हे त्याने जे दाखवलं ते कोणी पुसू शकलं नाही.

मधल्या जागेतल्या माणसांनी एकत्र येणं हे मात्र बरंच नंतरचं. न्यूयॉर्कमध्ये 1970 साली, स्टोनवॉलच्या उठावाला वर्ष झालं म्हणून जो पहिला मोर्चा निघाला, तो उभा करण्यात ब्रेंडा हॉवर्ड या तरुणीचा मोठा वाटा होता. आज जगभर निघणाऱ्या अभिमान पदयात्रांची परंपरा तिथून सुरू होते, आणि ब्रेंडाला 'प्राइडची आई' म्हणतात. ती द्विलैंगिक होती. पदयात्रेला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

1976 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मॅगी रुबेनस्टाइन आणि हॅरिएट लेव्ह यांनी द्विलैंगिकांसाठी केंद्र सुरू केलं. समुपदेशन, गप्पांचे गट, एकमेकांना भेटायची जागा, असं साधंच काम. पण 'मी एकटीच नाही' हे कळायला यापेक्षा जास्त काही लागत नाही. मग ऐंशीच्या दशकात एड्स आला. केंद्र बंद पडलं, अनेक कार्यकर्ते आजाऱ्यांच्या सेवेत गेले. त्याच काळात द्विलैंगिक पुरुषांवर एक नवा आरोप आला, की समलिंगी पुरुषांमधला रोग घरच्या बायकांपर्यंत आणणारा पूल म्हणजे हेच. संसर्ग कसा टाळायचा हे शिकवायच्या ऐवजी माणसाच्या जातीलाच दोषी ठरवलं.

आपल्याकडेही याचा पडसाद आहे. भारताच्या एचआयव्ही नियंत्रण कार्यक्रमात असे पुरुष 'एमएसएम' या तीन अक्षरांत मोजले जातात, म्हणजे पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष. त्यातले कितीतरी लग्न झालेले, बायकोमुलांत राहणारे असतात. आरोग्याच्या दृष्टीने तो शब्द सोयीचा आहे, कारण तो ओळख विचारत नाही, फक्त वागणूक बघतो. त्या कार्यक्रमामुळे कित्येकांचे जीव वाचले, हे मी नाकारत नाही. पण माणूस सरकारी कागदावर आला तो रोगाच्या रकान्यात. प्रेम, एकटेपणा, संसार यांना त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. आणि द्विलैंगिक बायका? त्यांच्यापासून रोगाचा धोका नाही असं धरल्यामुळे त्या कागदावरही आल्या नाहीत.

म्हणून मला 1995 साली मुंबईत सुरू झालेल्या 'स्त्री संगम' या गटाचं महत्त्व फार वाटतं. पुढे तो 'लेबिया' या नावाने ओळखला जाऊ लागला. समलिंगी आणि द्विलैंगिक स्त्रियांचा हा गट कोणाच्या रोगनियंत्रणासाठी जमलेला नव्हता. स्त्रियांनी स्त्रियांसाठी उभा केलेला होता, आणि द्विलैंगिक स्त्री त्यात पाहुणी म्हणून नव्हती. त्याआधी 1990 मध्ये मुंबईतून 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघालं होतं, 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. पुण्यात 2002 पासून बिंदुमाधव खिरे यांच्या समपथिक ट्रस्टने काम सुरू केलं आणि या विषयावर मराठीत पुस्तकं आणली. मराठीत ही गोष्ट महत्त्वाची, कारण इंग्रजी न येणाऱ्या मुलाला स्वतःबद्दल वाचायला काहीतरी मिळालं. 2011 मध्ये पुण्यात पहिली अभिमान पदयात्रा निघाली.

परत अमेरिकेत येऊ, कारण झेंड्याची गोष्ट सांगायची राहिली. 1998 च्या डिसेंबरमध्ये मायकेल पेज याने द्विलैंगिकांसाठी झेंडा केला. वर गुलाबी पट्टा, खाली निळा पट्टा आणि मधे अरुंद जांभळा. गुलाबी रंग समलिंगी आकर्षणाचा, निळा भिन्नलिंगी आकर्षणाचा आणि दोन्ही मिसळून होतो तो जांभळा. जांभळा पट्टा इतर दोघांच्या निम्म्याच रुंदीचा आहे. पेजचं म्हणणं असं होतं की जांभळा रंग गुलाबीत आणि निळ्यात कळत-नकळत मिसळून जातो, तशीच ही माणसं दोन्ही समाजांत मिसळून जातात आणि वेगळी उमटत नाहीत. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, वेंडी करी, गीगी रेवन विल्बर आणि स्वतः पेज यांनी 23 सप्टेंबर हा द्विलैंगिकांचा दिवस म्हणून ठरवला. सप्टेंबरच का, तर एक कारण असं सांगतात की फ्रेडी मर्क्युरीचा जन्म सप्टेंबरचा. पाचगणीचा धागा असा तिथवर पोचतो.

आता आपल्या घरातल्या प्रश्नाकडे येते. तो म्हणजे लग्न.

समलिंगी मुलगा घरी म्हणाला, "मी मुलीशी लग्न करू शकत नाही," तर घरात रडारड होते, पण अडचण काय आहे हे तरी समजतं. द्विलैंगिक मुलाने सांगितलं तर घरचे सुटकेचा श्वास सोडतात. "मग तुझं अडलंय कुठे? मुलीही आवडतात ना? झालं तर मग. बायोडेटा काढू या." विषय संपला. पुन्हा काढायचा नाही. हे ऐकायला मायाळू वाटतं, पण त्यात मुलाचं म्हणणं कोणी ऐकलेलंच नसतं. त्याचं एखाद्या मित्रावर मनापासून प्रेम असेल तर? "ते विसर, दुसरा पर्याय आहे ना तुला." भाजीवाल्याकडे गवार नाही मिळाली तर भेंडी घ्यावी, तसं. प्रेम लिंगाकडे बघून होत नाही, माणसाकडे बघून होतं. ज्याच्यावर झालं तो बदलून दुसरा देता येत नाही.

कायदाही याच दिशेने ढकलतो. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 मधून सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे संबंध वगळले. इंग्रजांनी 1860 च्या दंडविधानात घातलेलं हे कलम, दीडशे वर्षांहून जास्त टिकलं. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. द्विलैंगिक माणसासाठी याचा अर्थ काय होतो, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. त्याच्या एका प्रेमाला लग्न, वारसा, दवाखान्यात सही करायचा हक्क सगळं मिळतं. त्याच माणसाच्या दुसऱ्या प्रेमाला मुख्यतः गुन्हा नाही एवढंच मिळतं. मग तो 'सोपं' लग्न निवडतो आणि आपण म्हणतो, बघा, सुधारला.

लग्नाआधी समोरच्या व्यक्तीला सांगावं का? मला हा प्रश्न एका माजी विद्यार्थिनीने विचारला होता. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात, मामा-काकांच्या गराड्यात सांगायची ही गोष्ट नाही. द्विलैंगिकता म्हणजे लपवलेला आजार नाही की त्याचं प्रमाणपत्र जोडावं. पण होकार देण्याआधी दोघांनी एकटं बसून बोलावं, असं मला वाटतं. समोरच्याला इशारा द्यायचा म्हणून नाही. ज्या घरात आयुष्यभर राहायचं, तिथे स्वतःबद्दलचं एक साधं वाक्य उच्चारता येणार की नाही, हे आधी कळलेलं बरं. आणि दुसरी व्यक्ती लगेच विचारेल की मग तू मला फसवणार का. याचं उत्तर सोपं आहे. ज्या पुरुषाला फक्त बायका आवडतात त्यालाही जगातल्या बाकी बायका दिसतच असतात. निष्ठा ही लैंगिकतेवर ठरत नाही, शब्द पाळण्यावर ठरते. द्विलैंगिक माणसं बाहेरख्याली असतात हा समज आपण ज्या सहजतेने बोलून जातो, त्याला काही आधार नाही.

मराठी साहित्यात हा माणूस कुठे भेटतो? सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी 2006 सालची, पुढे इंग्रजीत गेली, 2022 मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर. घरात भाड्याने राहायला एक तरुण येतो. त्याच्यावर घरातल्या मुलाचाही जीव जडतो आणि मुलीचाही, आणि तो दोघांनाही जवळ करतो. कादंबरीचे दोन भाग आहेत, एक भावाने सांगितलेला, एक बहिणीने. भाडेकरूचा भाग नाही. त्याला नावही नाही. तो येतो, दोघांच्या आयुष्यात उलथापालथ करतो आणि निघून जातो. कादंबरी म्हणून ही योजना मला उत्तम वाटते. जाणाऱ्याला मुद्दाम धूसर ठेवल्यामुळेच मागे राहिलेल्यांचं दुःख नीट दिसतं. पण शिक्षिका म्हणून मनात येतंच. मराठीत इतक्या ताकदीने आलेला द्विलैंगिक तरुण, आणि तोच बिननावाचा, बिनआवाजाचा. त्याच्या बाजूने तिसरा भाग कोणीतरी लिहायला हवा. कुंडलकरांनी नाही, दुसऱ्या कोणीतरी. कदाचित तुमच्यापैकी कोणी.

आता शाळा. महाराष्ट्रात 2007 साली किशोरावस्था शिक्षण कार्यक्रमावरून किती गदारोळ झाला आणि तो कसा थांबवला गेला, हे माझ्या वयाच्या शिक्षकांना आठवत असेल. त्यामुळे 'वरून परिपत्रक येईल, मग बघू' म्हणत बसलो तर एक पिढी निघून जाईल. परिपत्रकाविना करण्यासारखं बरंच आहे.

एखादं मूल तुमच्याकडे येऊन सांगेल. सांगताना ते तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेल. अशा वेळी "नक्की का?", "वयाचा भाग आहे, जाईल", "मोबाइलवर बघून शिकलास का?" ही तीन वाक्यं गिळून टाका. ओढ बदलेल न बदलेल, ते त्याचं त्याला कळेल. आज त्याने तुमच्यावर विश्वास टाकला आहे. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढं पुरतं. आणि ते पोटात ठेवा. स्टाफरूममध्ये नाही, पालकसभेत तर अजिबात नाही. मुलाच्या परवानगीशिवाय आईवडिलांना कळवलं आणि मुलाला मार बसला, शाळा सुटली, मामाच्या गावी पाठवलं, अशा गोष्टी घडतात. मुलाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मात्र गप्प बसू नका, समुपदेशकाची मदत घ्या. कोणी 'उपचार' करून देतो म्हणाला तर त्याला दाराबाहेरच ठेवा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये असे 'बदलून देणारे' उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं आहे. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार लैंगिकतेवरून उपचारात भेदभाव करता येत नाही.

मोठ्या मुलांना, कॉलेजातल्यांना, गट हवा असतो. गट म्हणजे काही फार मोठं नाही. ठरलेला वार, ठरलेली वेळ, बसायला खोली, खरं नाव सांगायची सक्ती नाही, फोटो काढायचा नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, आणि एक समंजस माणूस जो बोलणं एकट्याच्या ताब्यात जाऊ देणार नाही. मुंबई-पुण्यात असे गट आहेत. तिथे माझी विनंती एवढीच की महिन्यातली एक बैठक फक्त द्विलैंगिकांसाठी ठेवा. सगळ्यांच्या बैठकीत ही मुलं गप्प बसतात. लग्न झालेली बाई तर तोंडच उघडत नाही, कारण तिला वाटतं, माझं दुःख इथे चालेल का. लहान गावात गट जमवणं अवघड आहे, ओळख फुटायची भीती खरी आहे, आणि "हिंमत करा, बाहेर या" असं शहरात बसून सांगणं मला पटत नाही. समाजाला दिसणं हे प्रत्येकावर लादायचं काम नाही. ज्यांना परवडतं त्यांनी दिसावं, म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांना निदान शब्द तरी मिळेल. मध्यंतरीच्या काळासाठी सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही.

शाळेच्या भित्तिपत्रकाचं काम माझ्याकडे आहे म्हणून सांगते. सप्टेंबरात फळा भरलेला असतो. 5 ला शिक्षक दिन, 8 ला साक्षरता दिन, 14 ला हिंदी दिन, 17 ला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, 22 ला कर्मवीर भाऊराव पाटील जयंती, 24 ला राष्ट्रीय सेवा योजना दिन. कॉलेज असेल तर 23 ला एक छोटा चौकोन सहज बसतो. पाचगणीच्या फारुख बलसाराची चार ओळींत माहिती, 'द्विलैंगिक' या शब्दाचा अर्थ आणि खाली 14416. भाषण नको, टाळ्या नकोत, कोणाला उभं करून विचारणं तर नकोच. ज्याला वाचायचंय तो जाता-येता वाचेल. मुख्याध्यापक किंवा प्राचार्य विचारतील तर शब्दार्थ आहे म्हणून सांगा. मराठीचं काम आहे, खोटं नाही.

सरावासाठी :
विज्ञानाच्या पुस्तकातलं 'उभयलिंगी गांडूळ' आणि बातमीतली 'उभयलिंगी व्यक्ती' यांत शब्द एकच असूनही अर्थ कसा बदलतो, ते आठ-दहा ओळींत लिहा. दुसऱ्या अर्थासाठी तुम्ही कोणता मराठी शब्द निवडाल? कारण द्या.